चामडे, आमचे वाडवडील आणि आम्ही



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे आणि तीत इतिहासावर चार पाने लिहावी, असा मंडळाचा निरोप आम्हांला आला. इतिहास म्हटला की चवदार तळे, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी हे विषय ठरलेलेच. त्यांवर आमच्यापेक्षा मोठ्या लेखण्यांनी लिहिले आहे व पुढेही लिहितील. यावेळी आम्ही एका पावतीपुस्तकाच्या कव्हरापासून सुरुवात करणार आहोत. वाचकांनी थोडा धीर धरावा.

गेल्या वर्षावासातली गोष्ट. संध्याकाळचे ग्रंथवाचन आटोपले होते, खीरदान चालू होते. आपल्याच वस्तीतला एक मुलगा, शिकलेला, नोकरीच्या शोधात असलेला, विहाराच्या दानपावत्या ठेवायला स्वतःच्या हाताने शिवलेले चामड्याचे कव्हर घेऊन आला. तपकिरी रंग, पांढरी शिलाई, दिसायला देखणे. सर्वांनी हातात घेऊन पाहिले, वाहवा केली. पंच्याऐंशीच्या घरातल्या एका आजीकडे ते पोचले तेव्हा मात्र तिने हात मागे घेतला. "हे कायले आणलं बाप्पा विहारात? याच्यापायी तं आमच्या बापानं मार खाल्ला होता!" खीर वाढणारे हात थांबले. मुलगा गोरामोरा झाला. कोणी म्हणाले आजीचे खरे आहे, कोणी म्हणाले काळ बदलला. आम्हीही त्यावेळी गप्प बसलो. कारण दोन्ही बाजू आम्हांला पटत होत्या आणि तोंडावर काय बोलावे ते सुचत नव्हते. त्या रात्रीपासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आजी ज्याबद्दल बोलत होती ते आजच्या पोरांना फक्त भाषणातून ठाऊक आहे. गावात कोणाचे ढोर मेले की निरोप महारवाड्यात यायचा. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, निघावेच लागे. दोरखंड बांधून चार माणसांनी ते मुडदाड गावाबाहेर ओढत न्यायचे, तिथे सोलायचे. मजुरी म्हणून रोकडा पैसा नाही. मांस आणि कातडे हाच मोबदला, आणि वर ते गावकामाचे बलुते. कातड्यावर हक्क कोणाचा यावरून गावोगाव रीत निराळी होती. कुठे ते महाराचे समजत, कुठे मालक ते परत मागे. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची कथा आपल्या वाडवडिलांत सांगितली जाई आणि त्या हक्कांत मेलेल्या ढोराचे कातडेही मोजले जाई. गुलामीलाच हक्क म्हणायची पाळी आली होती, ती अशी!

कच्च्या कातड्याला मीठ लावायचे, घडी करायची आणि लवकरात लवकर विकायचे. उन्हाळ्यात एक दिवस उशीर झाला तर केस सुटू लागत, वास सुटे, भाव पडे. सोलताना सुरी जरा खोल गेली की कातड्याच्या आतल्या अंगाला घाव बसे. घेणारा व्यापारी ते कातडे उजेडावर धरी, घाव मोजी, पोटाकडचा भाग चिमटीत ओढून पाही आणि तेवढे पैसे कापी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात गुरे फार मेली. अशा सालात बाजारात कातडी वाढत आणि ती सोलणाऱ्याच्या घरात मात्र दाणा नसे.

कातडे सोलणे आपल्या वाट्याला, कमावणे ढोर समाजाच्या वाट्याला आणि शिवणे चांभारांच्या वाट्याला, अशी वाटणी जातिव्यवस्थेने करून ठेवली होती. एकाच चामड्याला तिघांचे हात लागत, पण तिघे एका पंगतीला बसत नव्हते. खोटे कशाला बोला, आपल्यातही उच्च-नीच होतेच. बाबासाहेबांनी उतरंड म्हटले ते यालाच.

कमावण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे ती माणसे आता मोजकी उरली. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात घालायचे, म्हणजे केस सुटतात. मग तासून आतले मांस काढायचे, धुवायचे. नंतर बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. पुष्कळ ठिकाणी कातडेच शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करीत, ती आडव्या लाकडाला टांगीत आणि तीत सालीचे पाणी भरीत. पाणी झिरपत झिरपत कातड्यात उतरे, खाली भांड्यात जमे, ते पुन्हा वरून ओतीत. बाभूळ आपल्या शिवारात आणि हिरडा सातपुड्याच्या जंगलात, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. तोटा होता तो मानाचा.

आता वरूडच्या मातीशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपला तालुका संत्र्यासाठी ओळखला जातो. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून पाहुण्यांना आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण संत्र्याच्या झाडाला पाणी लागते, आणि तेलाचे इंजिन व विजेचा पंप येण्याआधी विहिरीतले पाणी वर आणत होती ती चामड्याची मोट. दोन बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, भरलेली मोट चाकावरून वर येई आणि सोंडेतून थारोळ्यात रिती होई. ती मोट जाड कातड्याची, बहुधा बैलाच्या किंवा हेल्याच्या. दिवसभर भिजायची, रात्री वाळायची, म्हणून तिला वरचेवर तेल पाजावे लागे. तेल चुकले की कातडे कडक होऊन घडीवर तडकत असे. म्हणजे बघा, मेलेले ढोर ओढणारा, कातडे कमावणारा, मोट शिवणारा यांच्यावाचून बाग उभी राहत नव्हती. तरीसुद्धा ज्या विहिरीत त्यांच्या हातची मोट दिवसभर बुडे, त्याच विहिरीला त्यांनी हात लावला तर ती बाटत असे! मेलेल्या जनावराचे कातडे चाले, जित्या माणसाचा हात चालत नसे. यावर आणखी काय लिहावे?

ही मोट शास्त्रज्ञांच्याही डोक्यात होती. अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती पद्धत मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी आणली, आणि या नव्या चामड्याचा एक उपयोग त्यांनी पुढे केला तो विहिरीच्या मोटेसाठीच, कारण ते पाण्यात सहजी कुजत नाही. पुढे पंप आले, मोटा गेल्या, नाडे गेले. आज थारोळे हा शब्दसुद्धा पोरांना समजावून सांगावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महाडच्या १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, असे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांतात होता. त्यामुळे महार वतनाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ मध्ये आणलेले बिल इकडे लागू होणारे नव्हते. परंतु ढोरे ओढू नका हा निरोप कायद्याची वाट पाहत थांबला नाही. एका गावातून दुसऱ्या गावात तो गेला आणि गावोगाव भांडणे पेटली. ढोर सडू लागले की पाटील यायचा, आधी गोडीने, मग दमदाटीने. वाणी सामान देत नसे, मजुरी बंद होई. आजीच्या बापाने मार खाल्ला तो अशाच एका खेड्यात. तिने आम्हांला नंतर सांगितले की, सुरी त्याने विहिरीत टाकली नाही, विकली नाही, घराच्या छपराच्या वाशात खोचून ठेवली होती आणि दीक्षेच्या साली नागपूरहून आल्यावरच ती काढून भंगारात दिली.

या त्यागाला हिशेबाने उत्तर देणारे लोकही निघाले. १५ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकिकत सांगितली आहे. ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे उत्पन्न बुडते, असा युक्तिवाद 'केसरी'तून झाला होता. गावात वर्षाला पन्नास ढोरे मेली तर कातडे, शिंगे, खूर, हाडे मिळून पाचशे रुपये होतात, असा तो आकडा. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते असे की, एवढा फायदा असेल तर ते काम तुम्हीच करा, वर पाचशे रुपये मी देतो. पुढे कोणी आले नाही, हे सांगायला नको.

हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि दरवेळी टाळ्या वाजवतो. पण या वर्षी ते पुन्हा वाचताना ध्यानात आले की बाबासाहेब तिथे चामड्याला वाईट म्हणत नाहीत. त्यांचा सवाल आहे की हे काम एका जातीच्याच गळ्यात का, आणि ज्याला ते करायचे नाही त्याने का करावे. काम नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याला त्यातले पाचशे रुपये दाखवणे ही थट्टा आहे.

कायद्याला हे समजायला वेळ लागला. १९५५ चा अस्पृश्यता कायदा १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तेव्हा त्यात स्पष्ट शब्दांत आले की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मेलेले जनावर उचलायला किंवा सोलायला भाग पाडणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या सुधारणेने ॲट्रॉसिटी कायद्यातही ते कलम आले. आणि त्याच २०१६ च्या जुलैत गुजरातमध्ये उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आले! म्हणजे ओढले नाही तर मार, आणि सोलले तरी मार. त्या पीडित कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माचा स्वीकार केला. वाशात खोचलेली सुरी आणि उना यांच्यात साठ वर्षे आहेत, पण वाट एकच दिसते.

आता काही धम्मबंधू विचारतील की चामड्याचे काम धम्मात बसते काय. आम्हीही शोधले. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यांत चामडे नाही. उलट विनयपिटकाच्या महावग्गात चम्मक्खंधक नावाचे एक संपूर्ण प्रकरणच चामड्यावर आहे. आपल्या विहारात ते क्वचितच वाचले जाते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

चंपा नगरीचा सोण कोळिवीस हा अतिशय लाडात वाढलेला श्रेष्ठिपुत्र भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त आले, चालण्याची वाट लाल झाली. वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये, हा प्रसिद्ध उपदेश भगवंतांनी केला तो यालाच. पुढे भगवंतांनी त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची अनुमती दिली. सोण म्हणाला, मी एकट्याने घातल्या तर लोक नावे ठेवतील, संघाला परवानगी असेल तर मी घालीन. तेव्हा ती परवानगी सर्व संघाला मिळाली. दुसरा सोण कुटिकण्ण, अवंतीचा, महाकात्यायनांचा शिष्य. आपल्या गुरूच्या वतीने तो भगवंतांना विनंती करतो की, आमच्याकडे माती काळी, जमीन खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तिथे एकपदरी वहाणा टिकत नाहीत. अवंती म्हणजे उज्जैनकडचा मुलूख, आपल्या सातपुड्याच्या पलीकडे. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात अनवाणी चाललेल्या माणसाला ही विनंती लगेच कळेल. ती मान्य झाली. बकरी, मेंढी, हरिण यांची कातडी अंथरण्याची तिकडची रीतही सीमेवरच्या प्रदेशासाठी मान्य झाली.

पण त्याच प्रकरणात दुसरी कथा आहे, ती दडवून ठेवणे बरे नाही. एका भिक्खूला एका वासराचे कातडे आवडले. त्याच्यासाठी एका उपासकाने ते वासरू मारले. भिक्खू कातडे चिवरात झाकून निघाला तर गाय त्याच्या मागे मागे चालत आली. भगवंतांनी त्याचा कडक निषेध केला, कोणाला हत्येस प्रवृत्त करू नये आणि गाईचे कातडे वापरू नये, असा नियम घातला. हे नियम भिक्खूंसाठी आहेत, उपासकाला ते जसेच्या तसे लागत नाहीत. तरी कातडे कोठून आले हा प्रश्न विचारायची सवय त्यातून घेण्यासारखी आहे.

त्या मुलाला आम्ही हा प्रश्न विचारला. त्याने सरळ उत्तर दिले. आतल्या कप्प्यांना शेळीचे आणि बाहेरून म्हशीचे. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. १९९५ ला विधिमंडळाने केलेली सुधारणा २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने लागू झाली आणि बैलही त्यात आला. तेव्हापासून राज्यात बैलाचे कातडे मिळणे कठीण झाले आणि कारागीर म्हशी-शेळीकडे वळले. शिवण तो एका चर्मकार उस्तादाकडे शिकला आहे. दोन्ही घरची माणसे एका ताटात जेवली, असे तो सहज बोलून गेला. आम्हांला ते कव्हरापेक्षा मोठे वाटले.

तो जे शिकला ते आम्ही त्याच्याकडून समजून घेतले, आणि ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. छोट्या वस्तूला, म्हणजे पाकीट, चष्म्याचे घर, किल्ल्यांची पट्टी यांना, शेळीचे कातडे उत्तम. ते पातळ, चिवट आणि दाण्याने घट्ट असते. मेंढीचे मऊ लागते, पण वरचा पापुद्रा सैल असल्याने ताण सोसत नाही. पाकिटाला एक मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते, कमरपट्ट्याला तीन ते चार लागते. सालीत कमावलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला की ते पिते, काळे पडते, त्याची कड ओली करून लाकडाने घासली की चकाकते. क्रोमचे मऊ असते, पाण्याला दाद देत नाही. कापलेली कड पाहिली तर बहुधा निळसर झाक दिसते, तिला घासून चकाकी येत नाही. पट्ट्याला व कव्हराला सालीचे, मऊ बटव्याला क्रोमचे, असा त्याचा साधा नियम. बाजारात अस्सल चामडे म्हणून शिक्का मारलेले पुष्कळदा खालचा चिरलेला थर असते, वर रंगाचा लेप. बोटाने दाबले तर खऱ्या वरच्या थरावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढताच जातात. मागची बाजू कापडाची दिसली तर ते रेक्झिन, चर्चाच नको.

शिवण हाताची. आरीने तिरपी भोके पाडायची, मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्यायच्या. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा लागतो. मशीनची शिलाई एका जागी तुटली की उसवत जाते, ही तुटली तरी दुसरा पदर धरून ठेवतो. घडी पडते तिथे रापीने आतून पातळ करायचे, नाहीतर पाकीट खिशात वीट ठेवल्यासारखे वाटते.

हे सर्व तो सांगत होता तेव्हा आजी ओसरीवर बसून ऐकत होती. त्या खीरदानाच्या दिवसानंतर पंधरा दिवस गेले होते. तिने स्वतःहून हात पुढे केला. कव्हर मांडीवर घेतले, अंगठ्याने दाबले, एका बाजूला चिमटीत धरून ओढले आणि म्हणाली, "पोरा, तुले फसोलं दुकानदारानं. हे पोटाचं कातडं हाय. हे लोंबते. पाठीचं घ्या लागते."

मुलगा थक्क झाला. त्याने किलोवर मिळणारे तुकडे स्वस्तात आणले होते आणि त्यांत पोटाचेच जास्त होते. पाठीचा भाग दाट आणि सर्वत्र सारखा, मानेला वळ्या, पोट आणि पायांकडे ढिले, हे तो उस्तादाकडून ऐकून होता, पण हाताला अजून कळत नव्हते. आजीला कळत होते. सहा-सात वर्षांची असताना ती बापासोबत मिठाची पिशवी घेऊन जायची आणि व्यापारी कुठे चिमटा घेतो, कुठे भाव पाडतो हे बघायची. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे ती ही गोष्ट कोणाजवळ बोलली नव्हती. "सांगाले लाज वाटे," एवढेच म्हणाली.

नंतर त्याने पाठीच्या पट्टीतून, कण्याच्या रेषेने कापून, दुसरे कव्हर केले. दानपावत्या आता त्यात आहेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कोणालाही पाहता येईल. पहिले कव्हर लाईट बिलाच्या पावत्यांना लावले आहे. चार महिन्यांत त्याची कड, आजीने सांगितल्याप्रमाणे, लोंबू लागली आहे.